वॉर्ड तीन, महिला, कायदा : एक

दाखल नोंदवहीत ग्रंथ ४,११६. कपाटांत प्रत्यक्ष ३,९०२. कपाटं अकरा, त्यांतल्या दोनांना किल्ली नाही आणि एकाला दारच नाही. खुर्च्या अठरा, डगमगणाऱ्या पाच. पंखे तीन, फिरणारा एक. सभासद २९४, पैकी स्त्रिया ४७. कायदा या विषयाची पुस्तकं तेवीस, त्यांतली उंदरांनी कुरतडलेली दोन. आणि टेबलाच्या खणात एक नवं लाल रजिस्टर : पानं दोनशे, पानाची रुंदी एकवीस सेंटिमीटर.

वाटूरच्या नवप्रभात सार्वजनिक वाचनालयाची ही मोजदाद आकांक्षानं सप्टेंबरअखेर केली. तिला सहायक ग्रंथपाल म्हणून लागून तेव्हा महिनाही झाला नव्हता. जालन्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बीएस्सी, वर ग्रंथपालनाचा सहा महिन्यांचा कोर्स. जे मोजलं नाही ते आपल्याला ठाऊक नाही, अशा शिस्तीत वाढलेली पोरगी. तिच्या आधी सव्वीस वर्षं गयासोद्दीन सरांनी वाचनालय सांभाळलं होतं, आणि सव्वीस वर्षांत कोणती पुस्तकं जास्त वाचली गेली, हे सांगणारा एक कागदसुद्धा तिला मिळाला नाही.

मिळाली ती तिकिटं. जाड कागदाचे, पत्त्याएवढे छोटे खिसे, प्रत्येकावर एका सभासदाचं नाव. पुस्तक नेताना पुस्तकाच्या आतलं कार्ड काढून त्या वाचकाच्या तिकिटात सरकवायचं आणि तिकीट तारखेच्या कप्प्यात ठेवायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. मागं काही म्हणजे काही उरत नाही. आकांक्षा संचालकांच्या पहिल्याच बैठकीत म्हणाली होती, "ही पद्धत नाही, ही बेशिस्त आहे." गयासोद्दीन सर तेव्हा चार्ज द्यायला आले होते. कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्याच आठवड्यात वाचकांकडची सगळी तिकिटं गोळा केली आणि डबा उचलून घरी घेऊन गेले.

एक ऑक्टोबरपासून आकांक्षानं लाल रजिस्टर सुरू केलं. कॉलेजच्या प्रयोगवहीसारखं : उजव्या पानावर नोंद, डावं पान आकडेमोडीसाठी कोरं. रकाने आखले. तारीख, दाखल क्रमांक, विषय, वॉर्ड, स्त्री-पुरुष. सोळा सेंटिमीटरांत सगळं बसलं आणि उजव्या कडेला पाच सेंटिमीटर जागा उरली. तिथं तिनं सहावा रकाना आखला : वाचकाचे नाव.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिनं अडीच महिन्यांचा तक्ता केला. वाचनालयाला 'क' वर्गातून 'ब' वर्गात जायचं होतं, त्यासाठी तपासणी व्हायची होती. वॉर्डनिहाय, स्त्री-पुरुषनिहाय, विषयनिहाय वाचकसंख्या. नाव एकही नाही. तक्ता पांढऱ्या कार्डशीटवर सुबक उतरवून तिनं दर्शनी फलकावर लावला, आणि लांब उभं राहून दोनदा पाहिला.

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता त्या तक्त्यासमोर मच्छिंद्र उभा होता.

मच्छिंद्र वाचनालयाच्या सात संचालकांपैकी एक. फाट्यावर बी-बियाण्यांचं दुकान, गळ्यात मफलर, हातात गाडीची किल्ली. पेपर चाळण्यापलीकडं त्याला कधी कोणी काही वाचताना पाहिलं नव्हतं. आज तो किल्लीचं टोक एकेका ओळीवरून खाली नेत होता.

"मॅडम, हे तुम्ही केलं?"

"हो भाऊ. अडीच महिन्यांचं आहे."

"लै बारीक काम हाय."

आकांक्षाला बरं वाटलं. नंतर सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, की तिला बरं वाटलं होतं.

किल्लीचं टोक एका चौकोनावर थांबलं. "वॉर्ड तीन. महिला. कायदा. एक. ही एक कोण?"

"नावं नाहीत त्यात. फक्त आकडे आहेत."

"आकडा माणसाचाच ना? का भुतानं नेलं पुस्तक?"

"भाऊ, कोणी काय नेलं हे आपण सांगत नसतो."

"कायद्याची तेवीस पुस्तकं, हे तुम्हीच लिवलंय खाली. मी आत्ता फळीवर मोजली. बावीस हायेत. यादीशी ताडली. निळ्या पुठ्ठ्याचं एक न्हाई. वारसाहक्काचं." त्यानं किल्ली खिशात टाकली. "मलाबी मोजता येतं, मॅडम."

आकांक्षानं टेबलावरचं लाल रजिस्टर खणात सरकवलं.

"सोमवारी आमच्या चारी बहिणी परतूरला येणारेत, रजिस्ट्री हापिसात. हक्कसोड हाय. बापाच्या माघारी वावर भावाच्या नावावर करायचं, ही रीत हाय आपल्याकडं. साड्या आणून ठेवल्यात. आन् नेमकं आता वॉर्ड तीनमधी कोणी बाई वारसाहक्क वाचून राह्यली. मंग ती कोण, हे मला कळायला पाहिजे का न्हाई?"

हक्कसोड म्हणजे बहिणींनी वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा लिहून देऊन सोडायचा. बदल्यात साडीचोळी, आणि माहेराचं दार उघडं. गावात बहुतेक घरांत हे झालेलं होतं, आकांक्षाच्या आईनंही केलेलं होतं. मच्छिंद्रच्या वडिलांचं वावर मात्र फाट्याला लागून होतं.

"मी सांगू शकत नाही, भाऊ."

"शकत न्हाई का सांगत न्हाई?"

आकांक्षानं क्षणभर विचार केला. तिला अचूक बोलायची खोड होती. "सांगत नाही."

मच्छिंद्र हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं मोबाइल काढला आणि तक्त्याचा फोटो घेतला. "रविवारी अकराला मिटिंग लावतो. तवा ते लाल रजिस्टर टेबलावर पाहिजे. संचालकाला वाचनालयाचं रजिस्टर बघायचा हक्क हाय का न्हाई, ते तिथं ठरवू. आन् पोरी, तुला इथं कोणी बसवलं ते ध्यानात ठेव."

मॅडमची पोरी व्हायला सहा मिनिटं लागली होती.

तो गेल्यावर आकांक्षानं तक्ता काढला. टाचण्यांची चार भोकं फलकावर तशीच राहिली. पण तेवढ्यात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला होता, आणि खाली कोणीतरी लिहिलं होतं : 'वॉर्ड तीनच्या वकीलीणबाईंचे हार्दिक अभिनंदन.' खाली हसणारे अकरा चेहरे.

ती खुर्चीत बसली आणि तक्ता करताना जे करायला हवं होतं ते तिनं आता केलं. वॉर्ड तीनमध्ये वाचनालयाच्या स्त्री सभासद सहा. दुर्गाबाई, वय ऐंशीच्या पुढं, पोथीशिवाय काही नेत नाहीत. पोलीसभरतीचा अभ्यास करणाऱ्या दोघी. गुरुजींची बायको, तिला फक्त कादंबऱ्या. मच्छिंद्रची बायको बेबीनंदा. आणि मच्छिंद्रची थोरली बहीण दैवशाला, गावातच दिलेली. पहिल्या चौघी गाव बोटावर मोजून बाजूला काढणार. उरल्या दोघी. तिनं नाव झाकलं होतं आणि माणूस उघडा ठेवला होता. पदवीच्या तीन वर्षांत अशी चूक तिनं एकदाही केली नव्हती.

नोव्हेंबरात दैवशालाकाकू आल्या होत्या ती दुपार तिला लख्ख आठवत होती. काकूंनी ते निळं पुस्तक स्वयंपाकाच्या पुस्तकाखाली धरलं होतं. रजिस्टराकडं बघून विचारलं होतं, "इथं नाव लिवावं लागतं का गं?" आणि आकांक्षानं ठणकावून सांगितलं होतं, "हे कोणालाच दिसत नाही, काकू. माझी जबाबदारी."

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती दैवशालाकाकूंच्या घरी गेली. काकू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, बस म्हणाल्या नाहीत.

"कामून आलीस?"

"काकू, तुमचं नाव मी कुठंच दिलेलं नाही. आणि देणार पण नाही. हे सांगायला आले."

"नाव न्हाई दिलंस," दैवशालाकाकू म्हणाल्या. "पत्ता दिलास."

आकांक्षा उभीच राहिली.

"दुपारी बेबीनंदा येऊन गेली. माझी भावजय. म्हणली, वन्सं, ती एक तुम्हीच का? मी म्हणले, तूच असशील. ती म्हणली, मला ते म्हणतेत तूच. दोघी एकमेकींकडं बघत बसलो." त्यांनी शेंग पिळली, दाणे सुपात पडले. "मच्छूनं काय सांगितलंय ठाऊक हाय का तुला? जी बहीण कायदा काढील तिला आईचं तोंड दिसणार न्हाई. माय त्याच्यापाशी हाय. पुष्पाबाई म्हणून कोणी हाक मारली तर वळत न्हाई आता ती, इसरली नाव. मी रोज संध्याकाळी जाऊन तिची वेणी घालते. तिला तेवढंच कळतं."

"मग तुम्ही सोमवारी..."

"मला ठाऊक न्हाई." शब्द चापटीसारखा आला. "सही करीन न्हाईतर न्हाई करीन. मी अजून ठरवलं न्हाई. तेच तर हाय ना पोरी. मी नुसतं वाचलं. वाचलं म्हणजे काही केलं का? माणसाला दोन दिस आपल्या आपण इचार करता येऊ ने का? आता त्याला कळलं तर मला इचार करायलाबी सोमवार उजाडणार न्हाई. आजपासूनच दार बंद."

त्या आत गेल्या, निळं पुस्तक घेऊन आल्या आणि तिच्या हातात कोंबलं.

"घे. पाठ झालंय मला. आन् परत इकडं येऊ नको, लोक बघून राह्यले."

शेजारच्या ओट्यावर खरंच दोघी उभ्या होत्या.

शुक्रवारी दुपारी वाचनालय बंद करून आकांक्षा गयासोद्दीन सरांकडं गेली. सर ओसरीत बसून एका फाटक्या शब्दकोशाच्या पाठीला खळ लावत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"या, नव्या मॅडम. खुर्ची न्हाई, चटईवर बसा."

ती बसली. सगळं सांगितलं, कोणाचंही नाव न घेता. सर खळ लावत राहिले.

"गावभर माहिती झालंय. मला कामून सांगता?"

"मला तिकिटांचा डबा हवाय."

"ती तर बेशिस्त होती."

"हो. मी म्हणाले होते."

"सगळ्या संचालकांसमोर म्हणाल्या होत्या. सव्वीस वर्षं. मला नातवाचं वय विचारलं तर चुकेल, पण तुमचं ते वाक्य बराबर याद आहे." त्यांनी ब्रश वाटीत ठेवला. "आता बेशिस्त कामून पाहिजे?"

"माझं चुकलं, सर."

"ते मला दिसून राह्यलं. आणखी काय?"

"रविवारी रजिस्टर मागतील. त्यात नावं आहेत. मी ते लपवलं तर चोरी. पान फाडलं तर तपासणीला आकडे राहणार नाहीत. आणि आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलंय, घेतलेली नोंद खोडायची नाही. चुकली तरी नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे."

"अच्छी तालीम आहे," सर म्हणाले. यात टोमणा होता की नाही हे तिला कळलं नाही. "तुम्हाला मोजायचं काय होतं?"

"कोणती पुस्तकं वाचली जातात."

"त्याला माणसाचं नाव लागतं?"

"नाही."

"मंग लिहिलं कामून?"

तिनं खरंखुरं आठवून पाहिलं. "पानावर जागा उरली होती."

गयासोद्दीन सर पहिल्यांदाच तिच्याकडं नीट वळले. मग म्हणाले, "एकदा एक सासरा आला होता माझ्याकडं. बडा माणूस. सून काय काय वाचते ते सांगा, म्हणाला. मी डबा उघडून दाखवला. म्हणालो, पाटील, बघा. पुस्तक परत आलंय, कार्ड पुस्तकात गेलंय, तिकीट सुनबाईच्या हातात. आता माझ्यापाशी ना सून, ना पुस्तक. शिव्या देऊन गेला. पण काय करणार? ज्याच्यापाशी चीज नाही त्याच्याकडून कोणी काय घेणार?" ते उठले, आतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. "दोनशे चौऱ्याण्णव. मोजून घ्या. मोजल्याशिवाय तुम्हाला झोप यायची नाही."

तिनं खरंच मोजली. दोनशे चौऱ्याण्णव होती.

रविवारी सकाळी सात वाजता आकांक्षानं वाचनालय उघडलं. लाल रजिस्टर टेबलावर ठेवलं, स्टीलची पट्टी घेतली, नवं ब्लेड घेतलं. लिहिलेली पानं एकाहत्तर. प्रत्येक नोंद उजव्या पानावर, मागची बाजू कोरी. उजव्या कडेपासून पाच सेंटिमीटरांवर पट्टी धरून तिनं ब्लेड ओढलं. पहिली पट्टी निघाली : ऑक्टोबर एक, बावीस नावं. पलीकडचे पाच रकाने जागच्या जागी. तारीख होती, क्रमांक होता, विषय होता, वॉर्ड होता. तिनं एकही आकडा खोडला नव्हता.

मग नोव्हेंबरातल्या एका पानावर वॉर्डाच्या रकान्याशी ती अडली. तारीख, निळ्या पुस्तकाचा क्रमांक, वॉर्ड तीन, स्त्री. नाव गेलं तरी पत्ता तिथंच. पण पत्ता तर फोटोत सगळ्या गावाकडं होताच. सहातली एक, यापलीकडं ते पान आता काही सांगत नव्हतं. ती पुढच्या पानाकडं वळली.

एकाहत्तर पट्ट्या तिनं मागच्या अंगणात घमेल्यात जाळल्या. राख मुठीत मावली असती. निळं पुस्तक फळीवर जागच्या जागी ठेवून ती अकराची वाट बघत बसली.

सातांपैकी पाच संचालक आले. अध्यक्ष सोमेश्वर अण्णा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणाशीच वाकडं न घेणारे. मच्छिंद्र. रखमाजी, म्हातारा, तोंडाचा फटकळ. आणखी दोघे, ज्यांनी शेवटपर्यंत हात वर करण्यापलीकडं काही केलं नाही. विषय एकच होता.

"अण्णा, माझं म्हणणं साधं हाय," मच्छिंद्र म्हणाला. "रजिस्टर संस्थेचं. मी संस्थेचा संचालक. मला बघायचंय. यात कोणाला काही वावगं वाटत असेल तर बोला."

"कोणती बाई काय वाचते त्याच्याशी तुला काय करायचं बाबा?" रखमाजी म्हणाले.

"माझ्या घरचा मामला हाय."

"घरचा म्हणशील तर बेबीनंदावहिनीबी वॉर्ड तीनच्याच. त्याच माहेरचा हिस्सा काढून राह्यल्या असतील. तूच लावला असशील मागं. तुझ्या सासऱ्याचं वावर पाण्याखालचं हाय म्हणतेत."

दोघे मुके संचालक हसले. मच्छिंद्रच्या मानेवर रंग चढला, आणि आकांक्षाला कळलं की रखमाजींचा बाण अंधारात मारलेला असला तरी कुठंतरी लागला होता.

"मस्करी नगं. अण्णा, तुम्ही सांगा तिला."

आकांक्षा उभी राहिली. "अण्णा, तपासणीला फक्त रोजची देवघेव संख्या लागते. पत्र आणलंय. वाचकांची नावं कोणी मागितलेली नाहीत. माणसं आपल्यावर भरवसा ठेवून पुस्तक नेतात. उद्या तुमच्या घरचं कोणी काही वाचलं तर..."

"भाषण नको, बाई," सोमेश्वर अण्णा दमून म्हणाले. "संचालकांनी रजिस्टर मागितलं तर द्यावं लागतं. ठेव टेबलावर."

तिनं खण उघडला आणि लाल रजिस्टर टेबलाच्या मधोमध ठेवलं.

मच्छिंद्रनं ते ओढून घेतलं. उघडलं. दोन पानं उलटली, मग पाच एकदम, मग अंगठ्यानं सगळी फरफरवली. लिहिलेली पानं अरुंद होती, पुढची कोरी पानं रुंद. कडेला सरळ, स्वच्छ पायरी पडली होती. बाहेर परतूरकडं जाणारी एसटी थांबून निघाली.

"हे काय हाय?"

"देवघेव नोंदवही. एक हजार चारशे बारा नोंदी. एकही कमी नाही."

"नावं कुठं हायेत?"

"नाहीत."

"जाळलीस?"

"हो. सकाळी."

"बघा अण्णा. संस्थेचा दस्त जाळला तिनं. तोंडानं कबूल करून राह्यली." मच्छिंद्र टेबलावर दोन्ही हात टेकून पुढं झुकला. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "ठीक हाय. रजिस्टर ऱ्हाऊ दे. तुला तर ठाऊक हाय ना? तू सांग. हो का न्हाई, एवढंच. ती दैवशाला का न्हाई?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. न्हाई. पण मग उद्या तो बेबीनंदाच्या नावानं विचारणार, आणि तिथं ती काय म्हणणार? एकदा 'नाही' म्हणायला लागलं की जिच्या बाबतीत गप्प राहिली तीच ती ठरणार. आकांक्षानं हे मनात दोनदा तपासून पाहिलं.

"भाऊ, तुम्ही सहाही नावं घेऊन विचारलं तरी माझं उत्तर हेच राहील. मी सांगत नाही."

"हिला काढा," मच्छिंद्र म्हणाला आणि खाली बसला. "मला दुसरं काही बोलायचं न्हाई."

ठराव झाला. संस्थेच्या अभिलेखास हानी पोचवल्याबद्दल सहायक ग्रंथपाल यांची सेवा जानेवारीअखेर समाप्त. बाजूनं तीन, विरुद्ध एक, तटस्थ अध्यक्ष. रखमाजी जाता जाता तिच्या टेबलाशी थांबले. "बाई, तू फार हुशार हायेस," ते म्हणाले. "पण हुशारपणा पहिल्यांदाच केला असता, तो तक्ता लावायच्या आधी, तर आमचा रविवार वाचला असता." आणि काठी टेकत गेले.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मच्छिंद्रची जीप वाचनालयावरून गेली. मागं चार बायका बसल्या होत्या, चौघींच्या अंगावर एकाच दुकानातल्या साड्या. दैवशालाकाकू खिडकीशी होत्या. त्यांनी वाचनालयाकडं पाहिलं नाही.

दिवसभरात सोळा पुस्तकं गेली. आकांक्षा तिकिटं वापरत होती. सवय नव्हती, दोनदा कार्ड चुकीच्या तिकिटात गेलं. ग्रुपवर आता तिचंच नाव चाललं होतं : 'जळकी मॅडम'. पोलीसभरतीवाली एक पोरगी पुस्तक न्यायला आली, तिकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, मी आणलं की हे मला परत?" आकांक्षा हो म्हणाली. पोरीनं गणिताचं पुस्तक फळीवर ठेवलं आणि दुसऱ्या कपाटातून काहीतरी वेगळंच काढून आणलं.

साडेपाचला दैवशालाकाकू आल्या. साडी तीच, नवी, घड्यांच्या रेषा अजून मोडलेल्या नव्हत्या. डोळे सुजलेले. त्या दारातच थांबल्या.

"मी तुझे उपकार मानायला न्हाई आले."

"बरं."

"त्याला काल कळलं न्हाई. म्हणून काल संध्याकाळी मला आत घेतलं. मायची वेणी घातली. तेल लावलं. लै वेळ बसले." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आज तिथं साहेबानं कागद पुढं सारला. म्हणला, मान्य हाय का? तिघींनी मान हलवली. मी म्हणले, आधी वाचू द्या मला. पूर्ण. साहेब म्हणला, वाचा. मच्छू म्हणला, तिला काय कळतंय. मी वाचून राह्यले, एकेक ओळ. तिसऱ्या पानावर आले आन् म्हणले, हे मला मान्य न्हाई."

"मग?"

"मंग काय. दस्त तसाच माघारी आला. येताना जीपमधी जागा न्हाई म्हणला. मी एसटीनं आले." त्या टेबलाशी आल्या. "आता मायकडं दार बंद. ते मला ठाऊक होतं. पण मी ठरवून केलं. त्यानं ठरवू दिलं म्हणून न्हाई, त्याला कळलं न्हाई म्हणून." त्यांनी तळहात पुढं केला. "ते निळं दे परत. पुढं काय करायचं ते त्यात शेवटी हाय. ते पाठ न्हाई केलं मी."

आकांक्षानं पुस्तक आणलं, कार्ड काढलं, डब्यातून काकूंचं तिकीट शोधलं आणि कार्ड त्यात सरकवलं.

"आता हे लपवायचं काही न्हाई," काकू म्हणाल्या. "सगळ्या गावाला कळलंय."

"तरीपण," आकांक्षा म्हणाली आणि तिकीट नाव खाली करून कप्प्यात ठेवलं.

दैवशालाकाकूंनी पुस्तक पदराखाली घेतलं नाही. हातात धरून गेल्या, फाट्याच्या रस्त्यानं.

जानेवारीच्या एकतीस तारखेला आकांक्षानं चार्ज दिला. घ्यायला सोमेश्वर अण्णा स्वतः आले होते, यादीवर सही करून लवकर निघायच्या घाईत. तिनं यादी वाचून दाखवली.

ग्रंथ, कपाटांत ३,८६४, वाचकांकडे ३८. कपाटं अकरा, किल्ल्या दहा. खुर्च्या अठरा, डगमगणाऱ्या तीन. पंखे तीन, फिरणारे दोन. सभासद ३११, पैकी स्त्रिया ५९. तिकिटं ३११. कायदा या विषयाची देवघेव, रोज कप्प्यातली कार्डं मोजून, डिसेंबरात तीन, जानेवारीत सत्तावीस. लाल रजिस्टर एक, लिहिलेली पानं एकाहत्तर, त्या पानांची रुंदी सोळा सेंटिमीटर.